इटालियन आणि तिच्या शेजारणींचं व्याकरण कसं बदलत गेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन शिकायला घेतली की काही आठवड्यांतच 'अपवाद' या शब्दाचा वैताग येतो. एक बोट पुल्लिंगी, पण बोटं स्त्रीलिंगी. भूतकाळात कुठे 'आवेरे' (जवळ असणे) हे साहाय्यक क्रियापद, कुठे 'एस्सेरे' (असणे). सर्वनाम कधी क्रियापदाच्या आधी, कधी त्याला मागून चिकटलेलं. या पानावरची उत्तरं एका धारणेवर उभी आहेत. यातला जवळजवळ प्रत्येक अपवाद हा कुठल्या तरी जुन्या नियमाचा उरलेला तुकडा आहे, आणि तो जुना नियम कळला की पाठांतराचं ओझं खरोखर कमी होतं. उदाहरणं मुख्यतः इटालियनमधली आहेत, बाकीच्या युरोपीय भाषा गरजेपुरत्या आल्या आहेत. परकी वाक्यं उच्चाराच्या जवळ जाईल अशा देवनागरीत दिली आहेत.

शब्द बदलतात हे कळतं. पण व्याकरण बदलतं म्हणजे नक्की काय होतं?

सगळ्यात जास्त वेळा घडतं ते असं: एक साधा, स्वतंत्र शब्द वापरून वापरून झिजतो, त्याचा मूळ अर्थ पुसट होतो आणि तो दुसऱ्या शब्दाचा प्रत्यय होऊन बसतो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेय्ये यांनी 1912 मध्ये या प्रक्रियेला नाव दिलं. मराठीत आपण तिला व्याकरणीभवन म्हणू.

इटालियनमध्ये 'हळूहळू' म्हणजे 'लेंतामेंते'. यातलं '-मेंते' हे मूळचं लॅटिन 'मेन्ते', म्हणजे 'मनाने'. 'लेंता मेन्ते' म्हणजे 'संथ मनाने'. मन हा शब्द लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी: 'लेंतो' नव्हे, 'लेंता'. आज आगगाडीसुद्धा 'लेंतामेंते' जाते, तिला मन असायची गरज उरलेली नाही. पण स्त्रीलिंगी विशेषण तसंच राहिलं आहे. पुस्तकं सांगतात, 'क्रियाविशेषण करताना स्त्रीलिंगी रूप घ्या'. का घ्यायचं, ते मात्र सांगत नाहीत. स्पॅनिशमध्ये तर हे दोन शब्द अजून पुरते जुळलेले नाहीत. 'सावकाश आणि स्पष्टपणे' म्हणायला तिथे 'लेंता इ क्लारामेंते' म्हणतात, दोघांत मिळून एकच '-मेंते'.

लॅटिनची इटालियन कधी झाली?

अशी एक तारीख नाही, पण भिंतीवर आणि कागदावर खुणा आहेत.

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत निवडणुकीच्या प्रचाराचा एक मजकूर भिंतीवर रंगवलेला सापडला. सातुर्नीनुस नावाचा शिक्षक 'कुम दिस्केन्तेस', म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांसह, एका उमेदवाराला पाठिंबा देतो आहे. 'कुम' या शब्दयोगी शब्दानंतर लॅटिन व्याकरणाप्रमाणे 'दिस्केन्तिबुस' हे रूप यायला हवं. भिंतीवर आलं आहे ते कर्माचं रूप. अभिजात लॅटिन अजून जोमात होती तेव्हाच बोलण्यातल्या विभक्ती एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. आणि लिहिणारा शिक्षकाच्या गोतावळ्यातला होता!

'आप्पेन्दिक्स प्रोबी' नावाची एक जुनी यादी आहे. कुणा लॅटिन मास्तरांनी केलेली, 'असं म्हणा, तसं नको' या धर्तीची. 'स्पेकुलुम म्हणा, स्पेक्लुम नको', 'आउरिस म्हणा, ओरिक्ला नको', 'नोबिस्कुम म्हणा, नोस्कुम नको'. मास्तरांनी ज्यावर काट मारली त्या 'स्पेक्लुम'चा आज 'स्पेक्क्यो' झाला आहे, म्हणजे आरसा, आणि 'ओरिक्ला'चा 'ओरेक्क्या', म्हणजे कान. 'नोस्कुम'मधली चूकही पॉम्पेईच्या भिंतीवरच्या जातीचीच आहे. मला ही यादी फार मोलाची वाटते. लोक प्रत्यक्षात काय बोलत होते, हे ते बोलणं न आवडणाऱ्या माणसानेच नेमकं टिपून ठेवलं आहे.

मग येतं 960 साल. दक्षिण इटलीतल्या कापुआमध्ये मोन्ते कास्सीनोच्या मठाचा जमिनीचा दावा चालला होता. निकालपत्र लॅटिनमध्ये आहे, पण साक्षीदारांची शपथ त्यांच्या बोलीत उतरवली आहे: 'साओ को केल्ले तेर्रे... त्रेन्ता आन्नी ले पोस्सेत्ते पार्ते सांक्ती बेनेदीक्ती'. अर्थ असा: 'मला ठाऊक आहे की त्या जमिनी... तीस वर्षं त्या संत बेनेदिक्ताच्या पक्षाच्या ताब्यात होत्या'. इटलीतल्या लोकबोलीचा दस्तऐवजातला हा सगळ्यात जुना पुरावा मानतात. वाक्याची रचना बघा. आधी 'त्या जमिनी' पुढे आणल्या, मग क्रियापदाजवळ 'ले', म्हणजे 'त्या', हे सर्वनाम परत आलं. पुढे कित्येक शतकं शाळांनी ही द्विरुक्ती अशुद्ध ठरवली. रोजच्या इटालियनमध्ये ती आजही सर्रास ऐकू येते, आणि भाषेच्या पहिल्याच साक्षीत ती हजर आहे.

भविष्यकाळाची रूपं पाठ होत नाहीत. काही युक्ती आहे का?

आहे. इटालियन भविष्यकाळ म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप आणि त्याला चिकटलेला 'आवेरे'चा वर्तमानकाळ. 'आवेरे' म्हणजे जवळ असणे. त्याची रूपं ओ, आय, आ, आन्नो. आता 'गाणे' हे क्रियापद घ्या: कांतेरो, कांतेराय, कांतेरा, कांतेरान्नो. शेपटं तीच आहेत.

लॅटिनमध्ये 'मी गाईन' म्हणजे 'कांताबो'. पण ध्वनी बदलत गेले तशी ही रूपं भूतकाळाच्या रूपांजवळ जाऊन गोंधळ उडवायला लागली. त्याच सुमारास लोक 'कांतारे हाबेओ' म्हणत होते, म्हणजे 'मला गायचं आहे'. मराठीतलं 'मला जायचं आहे' हे कर्तव्यही सांगतं आणि पुढच्या बेताचंही सूचन करतं, तसाच हा सरकता अर्थ. त्यातून निखळ भविष्यकाळ आला. 7व्या शतकातल्या फ्रेदेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत एक गोष्ट आहे. बंदी झालेला इराणी राजा म्हणतो 'नोन दाबो', मी देणार नाही. सम्राट जस्टिनियन उत्तर देतो 'दारास', तू देशील. एकाच संवादात जुना भविष्यकाळ आणि नवा भविष्यकाळ आमनेसामने उभे आहेत. 842 सालच्या स्ट्रासबर्गच्या शपथांमध्येही 'सालवराय', मी रक्षण करीन, असं नवं रूप येतं.

हे खरंच दोन शब्द होते याचा जिवंत दाखला पोर्तुगीजमध्ये आहे. औपचारिक पोर्तुगीजमध्ये 'मी तुला देईन' हे 'दार-ते-एइ' असं लिहितात. दे, तुला, मग भविष्याचा प्रत्यय. सर्वनाम थेट क्रियापदाच्या पोटात शिरतं, कारण पूर्वी तिथे फट होती.

संकेतार्थाची रूपंही अशीच घडली, फक्त 'आवेरे'चा भूतकाळ चिकटून. 'एब्बे' म्हणजे त्याच्याजवळ होतं. 'कांतेरेब्बे' म्हणजे '(तसं झालं तर) तो गाईल'. फ्रेंच आणि स्पॅनिशने यासाठी भूतकाळाचं वेगळं, अपूर्ण रूप निवडलं. फ्लॉरेन्सने पूर्ण भूतकाळ घेतला. त्यामुळे 'कांतेरेब्बे' शेजारच्या भाषांपेक्षा इतकं निराळं दिसतं.

'आवेरे' कधी आणि 'एस्सेरे' कधी? आणि धातुसाधित कधी बदलतं, कधी नाही, असं का?

इटालियन शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो. माझ्या मते मराठी माणसाला त्याचं उत्तर सगळ्यात सोपं जायला हवं.

लॅटिनमध्ये 'हाबेओ लित्तेरास स्क्रिप्तास' याचा सुरुवातीचा अर्थ 'माझ्याजवळ पत्रं लिहिलेली आहेत'. 'स्क्रिप्तास' हे पत्रांचं विशेषण, म्हणून ते पत्रांप्रमाणे स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी. लिहिलेली पत्रं माझ्याजवळ आहेत म्हणजे बहुधा मीच ती लिहिली. या अनुमानातून 'मी पत्रं लिहिली आहेत' हा अर्थ आला आणि विशेषणाचं क्रियापद झालं. जुन्या इटालियनमध्ये 'ओ स्क्रित्ते ले लेत्तेरे' असा मेळ सहज आढळतो. आज कर्म मागून आलं तर 'ओ स्क्रित्तो' असं न बदलणारं रूप चालतं. पण कर्माचं सर्वनाम आधी आलं की जुना नियम जागा होतो: 'ले ओ स्क्रित्ते', मी ती लिहिली.

आता मराठी बघा. 'त्याने पत्र लिहिलं', 'त्याने चिठ्ठी लिहिली', 'त्याने कागद लिहिला'. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, कारण आपला भूतकाळही विशेषणातूनच आला. संस्कृतातल्या 'तेन पत्रं लिखितम्' या कर्मणी रचनेत 'लिखितम्' हे पत्राचं विशेषण होतं. आणि 'ती गेली', 'तो गेला' यांत क्रियापद कर्त्याप्रमाणे जातं. इटालियनमध्येही 'ए आन्दाता', 'ए आन्दातो' असंच. 'एस्सेरे' असेल तर कर्त्याशी मेळ, 'आवेरे' असेल आणि कर्म आधी आलेलं असेल तर कर्माशी मेळ. हा आपल्या कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांचा जवळचा नातेवाईक आहे. अकर्मक क्रियापदांत मात्र फरक पडतो. मराठीत 'मी झोपलो' हे 'मी गेलो'सारखंच, पण इटालियनमध्ये झोपायला 'आवेरे' लागतं: 'ओ दोर्मीतो'. जाणे, येणे, जन्मणे, मरणे, होणे अशा, कर्त्याची जागा किंवा अवस्था बदलणाऱ्या क्रियापदांना 'एस्सेरे', हे सूत्र बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतं.

बाकीच्या युरोपात हीच रचना निरनिराळ्या टप्प्यांवर थांबली आहे. स्पॅनिशने मेळही सोडला आणि 'असणे' हे साहाय्यकही सोडलं. इंग्रजीतही पूर्वी येण्या-जाण्याच्या क्रियापदांना 'असणे' लागत असे, आता नाही. जर्मनने दोन्ही साहाय्यकं राखली, मेळ सोडला. फ्रेंचमध्ये तर कर्म आधी आलं की मेळ हवाच, हा आग्रह 16व्या शतकात कवी क्लेमाँ मारो याने पद्यातून मांडला, आणि दाखला दिला तो इटालियनचा. फ्रेंच शाळकरी मुलं आजही त्या नियमाशी झुंजत असतात.

रशियन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना एक गोष्ट हमखास जाणवते. तिथेही भूतकाळात 'ल' येतो आणि तो लिंगाप्रमाणे बदलतो: 'पिसाल' म्हणजे तो लिहीत होता, 'पिसाला' म्हणजे ती. आपला 'ल' आणि त्यांचा 'ल' वेगवेगळ्या वाटांनी आले. पण लिंग आलं त्याचं कारण एकच: दोन्हीकडे आजचं क्रियापद मूळचं धातुसाधित विशेषण आहे.

'पास्सातो रेमोतो' बोलण्यात वापरावा का?

'पास्सातो रेमोतो' म्हणजे साहाय्यक नसलेला साधा भूतकाळ, 'पास्सातो प्रोस्सीमो' म्हणजे 'आवेरे' किंवा 'एस्सेरे' लावून होणारा. कुठला वापरायचा ते कुठे बोलता त्यावर आहे. मिलान, तुरीनकडे 'मी खाल्लं' हे नेहमी 'ओ मान्जातो'. वीस वर्षांपूर्वी खाल्लेलं असो की आत्ता. सिसिलीत अगदी आत्ताच्या जेवणालाही 'मान्जाय' ऐकू येतं. तोस्कानात दोन्ही काळ अजून आपापलं काम करतात: आजशी धागा जुळतो तिथे एक, तुटला तिथे दुसरा. पुस्तकातला नियम मुळात त्यांचा आहे.

फ्रान्समध्ये हीच वाटचाल पुरी झाली. 1660 च्या पोर-रोयाल व्याकरणात साधा भूतकाळ निदान कालच्या किंवा त्याआधीच्या घटनेलाच वापरावा, असं सांगितलं आहे. म्हणजे तेव्हा तो बोलण्यात जिवंत होता. आज तो कथा-कादंबऱ्यांत उरला आहे, संभाषणात नाही. दक्षिण जर्मनीतल्या बोलींनीही साधा भूतकाळ जवळजवळ टाकून दिला. आल्प्सच्या दोन्ही बाजूंना हे घडलं आहे.

फ्रेंचमध्ये नकाराला दोन शब्द का लागतात? इटालियनमध्ये एकच पुरतो.

फ्रेंचमध्येही आता बोलताना एकच पुरतो, पण तो दुसरा! लिहिताना 'झ न से पा', मला माहीत नाही. बोलताना 'झ से पा'. मूळ नकार 'न' होता, तोच गळाला.

'पा' म्हणजे पाऊल. 'मी एक पाऊलही चालणार नाही' यासारख्या वाक्यांत जोर देण्यासाठी तो आला. त्याच्यासोबत 'कण', 'ठिपका', 'थेंब' या अर्थांचे शब्दही स्पर्धेत होते. हळूहळू जोर ओसरला, पाऊल सगळ्या क्रियापदांना लागायला लागलं आणि शेवटी नकाराचं सगळं काम त्याच्याकडे आलं. डॅनिश अभ्यासक ओट्टो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये दाखवून दिलं की जर्मन आणि इंग्रजीनेही असाच फेरा घातला आहे. आधी क्रियापदापूर्वी छोटा नकार, मग दोन्हीकडे नकार, मग फक्त मागचा.

इटलीतही हा फेरा चालू आहे. प्रमाण इटालियन पहिल्या पायरीवर आहे: 'नोन'. पण 'नोन ए मीका वेरो', म्हणजे 'हे काही खरं नाही', यातला 'मीका' मूळचा 'पोळीचा कण', पावाचा चुरा. तुम्ही जे गृहीत धरलं आहे ते चूक आहे, असं सांगायचं असलं की तो येतो. आपल्या 'काही'सारखाच. मिलानच्या बोलीत मात्र 'मांजी मिंगा', मी खात नाही. तिथे 'नोन' उडाला आणि कणच नकार झाला. एकाच देशात, चार-पाच तासांच्या रेल्वेप्रवासात, या फेऱ्याच्या निरनिराळ्या पायऱ्या ऐकायला मिळतात.

घरांवर 'आफ्फित्तासी', म्हणजे 'भाड्याने देणे आहे', अशी पाटी असते. पुस्तकात तर 'सी आफ्फित्ता' आहे?

पाटीवर मध्ययुगीन इटालियन आहे. त्या काळी 'मी' (मला), 'ती' (तुला), 'लो' (त्याला), 'सी' (स्वतःला) अशी आखूड सर्वनामं वाक्याच्या सुरुवातीला येऊ शकत नसत. 'वेदोलो' म्हणत, मी ते पाहतो. आज 'लो वेदो'. आडोल्फ टोब्लर आणि आदोल्फो मुसाफिया या दोन अभ्यासकांनी 19व्या शतकात हा नियम उकलला, म्हणून तो दोघांच्या नावाने ओळखला जातो. नियम गेला, पण पाट्या राहिल्या: 'वेन्देसी' विकणे आहे, 'चेर्कासी' पाहिजे. पाटीवर जागा कमी असते आणि एक शब्द दोनांपेक्षा सुटसुटीत, हेही कारण असणारच.

आज्ञार्थातला 'दाम्मी', म्हणजे मला दे, हाही त्याच काळचा.

'दीतो' पुल्लिंगी आणि 'दीता' स्त्रीलिंगी, हे कसं?

कारण बोट हा लॅटिनच्या एका बोलीव रूपात नपुंसकलिंगी होऊन बसला, आणि नपुंसकलिंगी अनेकवचन 'आ'कारान्त असे. पुढे इटालियनमधून नपुंसकलिंग गेलं. एकवचन दिसायला पुल्लिंगासारखं होतं, ते तिकडे गेलं. अनेकवचनातला 'आ' स्त्रीलिंगासारखा वाटला, ते इकडे आलं. अंडं, हात, गुडघा, ओठ यांचंही तसंच: 'ऊओवो' पण 'ऊओवा', 'ब्राच्चो' पण 'ब्राच्चा'. हे बहुतेक जोडीने किंवा समूहाने येणारे अवयव किंवा वस्तू आहेत, म्हणूनही हे अनेकवचन टिकलं. 'मूरी' म्हणजे सुट्या भिंती आणि 'मूरा' म्हणजे शहराचा तट, असा अर्थभेदही त्यातून मिळाला.

मराठीने नपुंसकलिंग जपलं, हिंदीने सोडलं. मूल, घर, पान असं निर्धास्त बोलणाऱ्यांना लॅटिन व्याकरणातलं तिसरं लिंग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

'एल्यी' की 'लुई'?

'तो' यासाठी शाळेच्या तक्त्यात 'एल्यी', बोलण्यात 'लुई'. 'लुई' मूळचं कर्त्याचं रूप नव्हे. 'त्याला, त्याच्या' या जागी येणारं. 1525 मध्ये व्हेनिसच्या पिएत्रो बेम्बो यांनी 14व्या शतकातल्या पेत्रार्का आणि बोक्काच्चो यांना आदर्श धरून लिखित इटालियनचे नियम बांधले. त्यात कर्त्याच्या जागी 'लुई' बसत नव्हतं. लोक म्हणतच राहिले. शेवटी आलेस्सांद्रो मांझोनी यांनी आपल्या कादंबरीची 1840–42 ची आवृत्ती फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीशी जुळवून घेताना कित्येक ठिकाणचं 'एल्यी' काढलं, कुठे 'लुई' घातलं. एवढ्या मोठ्या लेखकाने केल्यावर विरोधाची धार बोथट झाली. तक्त्यातलं 'एल्यी' ओळखता यावं, बोलताना 'लुई' म्हणावं.

सरकार किंवा एखादी संस्था व्याकरण बदलू शकते का?

शब्द थोडेफार बदलता येतात. रचना बदलणं फार अवघड, आणि इटलीने ते करून पाहिलं आहे.

इटालियनमध्ये आदराने बोलायला 'लेई' वापरतात, शब्दशः 'ती'. 'आपली कृपा', 'आपलं श्रेष्ठत्व' अशा स्त्रीलिंगी पदव्यांच्या जागी आलेलं हे सर्वनाम. 1938 मध्ये फॅसिस्ट राजवटीने 'लेई' परकं आणि लाचार ठरवून 'व्होई', म्हणजे 'तुम्ही', सक्तीचं करायची मोहीम काढली. 'लेई' नावाचं स्त्रियांचं एक मासिक होतं. तिथे त्या शब्दाचा अर्थ नुसता 'ती' असा होता. तरीही त्याला नाव बदलावं लागलं आणि ते 'आन्नाबेल्ला' झालं. राजवट गेली, 'लेई' परत आली. दक्षिणेत 'व्होई' आजही चालतं, पण ते तिथे आधीपासूनच होतं.

उलट स्वीडनमध्ये 1960च्या दशकाच्या शेवटाला सगळ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणण्याची लाट आली आणि झपाट्याने रुळली. तिथे समाजालाच तसं बोलायचं होतं.

शेजारच्या भाषेकडून व्याकरण उसनं घेता येतं का?

घेता येतं, आणि याचा सगळ्यात सुंदर नमुना बाल्कनमध्ये आहे. ग्रीक, बल्गेरियन, रोमानियन, अल्बेनियन यांची कुळं निराळी. पण 'मला लिहायचं आहे' हे चारही भाषा 'मी इच्छितो की मी लिहितो' अशा घडणीने सांगतात. 'लिहिणे' हे धातूचं साधं रूप त्यांनी कमी-अधिक प्रमाणात टाकून दिलं. शतकानुशतकं एकाच गावात दोन-तीन भाषा बोलणाऱ्या लोकांच्या तोंडी या रचना एकमेकींत उतरल्या.

आता इटलीच्या टाचेकडे या. सालेन्तोमध्ये 'ओग्यू कू स्क्रीवू' म्हणतात, अगदी ग्रीक घडणीचं, शब्द मात्र लॅटिन कुळातले. कारण तिथे ग्रीक बोलणारी गावं होती, काही अजूनही आहेत. जर्मन अभ्यासक गेरहार्ड रोल्फ्स यांनी या भागात हयातभर हिंडून हे सामान गोळा केलं.

दक्षिणेची आणखी एक लकब मराठी कानाला ओळखीची वाटेल. 'मी मारियाला पाहिलं' यात नेपल्स, सिसिलीकडे माणसाच्या नावाआधी 'आ' लावतात, वस्तूआधी नाही. स्पॅनिशमध्ये तर तो नियमच आहे. आपणही 'झाड पाहिलं' पण 'मारियाला पाहिलं' म्हणतो. इथे उसनवारी नाही. कर्म सजीव असलं की ते कर्ता तर नाही ना, असा घोळ होऊ शकतो. तो टाळायची गरज दोन्हीकडे सारखीच.

'कोंजुंतीवो' मरतो आहे का?

'मला माहीत असतं तर मी आलो नसतो'. पुस्तकी इटालियनमध्ये यासाठी कोंजुंतीवो (अट, इच्छा, शंका सांगणारं क्रियापदाचं रूप) आणि संकेतार्थ दोन्ही लागतात. बोलताना कित्येक जण 'से लो सापेव्हो, नोन वेनीव्हो' म्हणून मोकळे होतात, दोन्हीकडे साधा अपूर्ण भूतकाळ. फ्रांचेस्को साबातीनी यांनी 1985 मध्ये 'सर्वसाधारण वापरातली इटालियन' असं नाव देऊन अशा रचनांची नोंद केली. त्यांचा मुद्दा असा की यातल्या अनेक रचना जुन्या आहेत. नवं आहे ते त्यांचं सुशिक्षितांच्या बोलण्यात उघडपणे येणं.

फ्रेंचकडे पाहिलं की भीती कमी होते. तिथेही जुन्या काळी अशा वाक्यात कोंजुंतीवो असे. आज प्रमाण फ्रेंचमध्ये 'जर'च्या भागात कोंजुंतीवो नसलेला भूतकाळच शुद्ध आहे. रोममध्ये गुण कापले जातात त्याला पॅरिसमध्ये गुण मिळतात.

2019 मध्ये 'कुत्रा'वरून वाद झाला होता, तो काय?

'एशी इल काने', म्हणजे कुत्र्याला बाहेर ने. 'बाहेर जाणे' हे अकर्मक क्रियापद दक्षिणेत सकर्मक वापरतात. 'सिएदी इल बाम्बीनो', मुलाला बसव, हेही तसंच. फ्लॉरेन्समधल्या आकादेमिया देल्ला क्रुस्काने, 1583 साली स्थापन झालेल्या या संस्थेने, अशा वापराबद्दल एक संयत उत्तर दिलं: घरगुती बोलण्यात समजून घेण्यासारखं आहे. बातम्यांत मात्र 'क्रुस्काने परवानगी दिली' असा गदारोळ झाला. मराठीत बस आणि बसव, नीज आणि निजव अशी प्रयोजक क्रियापदांची सोय आहे. इटालियनला 'फारे' (करणे) हे क्रियापद वेगळं जोडावं लागतं, आणि लोक ते वगळून काम भागवतात.

म्हणजे भाषा सोप्या होत चालल्या आहेत?

नाही. लॅटिनच्या सहा विभक्ती गेल्या हे खरं. पण लॅटिनमध्ये नसलेली उपपदं आली, दोन साहाय्यकं आली, संकेतार्थ आला, 'ल्येलो' यासारखी जोडसर्वनामं आली. एका खोलीतला पसारा दुसरीत गेला.

आणि विभक्ती नव्याने जन्मतातही. हंगेरियनचे सर्वात जुन्यांपैकी काही लिखित तुकडे 1055 च्या तिहानी मठाच्या लॅटिन सनदेत आहेत. त्यात 'फेहेर्वारला' जाणाऱ्या लष्करी वाटेचा उल्लेख आहे, आणि 'कडे' या अर्थाचा 'रेआ' हा तिथे सुटा शब्द आहे. आज तो '-रा', '-रे' असा विभक्तिप्रत्यय आहे आणि आधीच्या शब्दाच्या स्वरांप्रमाणे रूप बदलतो. आपल्याकडे 1290 च्या ज्ञानेश्वरीत 'विश्वात्मकें देवें' आहे. त्या 'एं'ची जागा पुढे '-ने' प्रत्ययाने घेतली आणि 'देवाने' झालं.

युरोपीय भाषा आणि आपल्या भाषा सारख्या आहेत हे पहिल्यांदा कुणाला जाणवलं?

शालेय पुस्तकांत 1786 सालचे विल्यम जोन्स येतात. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर लिहिली गेली होती. थॉमस स्टीफन्स यांनी 1583 मध्ये गोव्याहून भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. हेच पुढे मराठीत क्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स. कोकणीचं व्याकरणही त्यांनी लिहिलं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं. 1580 च्या दशकातच फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोचीन आणि गोव्याहून घरी पत्रं लिहीत होता. सहा, सात, आठ, नऊ, देव, साप हे शब्द संस्कृतात आणि त्याच्या इटालियनमध्ये सारखे आहेत, असं त्याने कळवलं. तो 1588 मध्ये गोव्यातच वारला.

सास्सेत्तीने शब्द पाहिले, स्टीफन्सने रचना पाहिली. मला स्टीफन्सची नजर अधिक खोल वाटते. शब्द व्यापाराबरोबरही येतात, विभक्ती आणि क्रियापदांची घडण सहसा येत नाही. मराठी आणि कोकणी दोन्ही जवळून ऐकणाऱ्या माणसाच्या ते लक्षात आलं, यात नवल नाही.

परीक्षेत काय लिहू?

लेखी उत्तरात पुस्तकी रूप: 'जर'च्या वाक्यात कोंजुंतीवो, 'मला' यासाठी 'आ मे मी' या द्विरुक्तीऐवजी नुसतं 'मी', कुत्र्यासाठी 'पोर्तारे फुओरी' (बाहेर नेणे). तोंडी परीक्षेत 'लुई', 'मीका', 'पास्सातो प्रोस्सीमो' बिनधास्त वापरा. ती आजची सहज भाषा आहे. 'एल्यी' आणि 'पास्सातो रेमोतो' वाचताना ओळखता येतील इतके पक्के करा, विशेषतः 'फू', 'एब्बे', 'फेचे', 'दिस्से', 'वेन्ने' ही रूपं. वर्तमानपत्र आणि कथा वाचताना ती पानोपानी भेटतील.